सर्टिफिकेट आलं, पण हात बसला का?

गावातल्या आरोग्य उपकेंद्राचं नाव बदललं, सेवांची यादी वाढली, ट्रेनिंगही मोबाइलवर आलं. पण तिथे काम करणाऱ्या मुलामुलींना ते काम प्रत्यक्ष हाताला धरून कोण शिकवतंय? हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा आपल्या खूप जवळचा आहे.

दिवाळीच्या सुट्टीत मावशीकडे गेले होते. मावसबहीण, म्हणजे आमची ताई, स्वयंपाकघरात चकल्या पाडत होती आणि समोर डब्याला टेकवून मोबाइल उभा केलेला. मला वाटलं, रेसिपी बघतेय. जवळ जाऊन पाहिलं तर स्क्रीनवर वेगळंच चाललेलं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची प्राथमिक तपासणी कशी करायची, याच्या स्लाइड्स एकामागून एक सरकत होत्या. व्हिडिओ संपला, प्रश्न आले. ताईने हात पुसले, पटापट उत्तरं दिली. दहापैकी दहा. दोन मिनिटांत तिच्या नावाचं सर्टिफिकेट डाउनलोड झालं.

'भारीच! म्हणजे आता तू ही तपासणी करणार?' मी विचारलं.

'कागदावर हो,' ती म्हणाली. 'पण कुणी अनुभवी डॉक्टर शेजारी उभी आहे आणि मी तपासतेय, असं एकदाही झालेलं नाही. मागच्या महिन्यात एक बाई आली होती. चाळिशीची असेल. मी तिला तालुक्याला जायला सांगितलं. गेली की नाही, माहीत नाही.'

ताई बीएएमएस आहे आणि एका उपकेंद्रात 'सीएचओ' म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. हुशार आहे, कामसू आहे. तरीही त्या बाईला तिने पुढे पाठवलं, आणि माझ्या मते तिने प्रामाणिकपणाच केला. चूक तिची नसेल, तर मग अडलंय कुठे? या प्रश्नाचा माग काढताना जे सापडलं, ते तुमच्यापुढे ठेवतेय.

आधी नकाशा समजून घेऊ

शहरात वाढलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. ग्रामीण भागात सरकारी आरोग्यसेवेच्या तीन पायऱ्या असतात. सगळ्यात खाली उपकेंद्र. सपाट भागात साधारण ५ हजार आणि डोंगराळ-आदिवासी भागात ३ हजार लोकांमागे एक, असा निकष. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, ज्याला सगळे पीएचसी म्हणतात, ३० हजार किंवा २० हजार लोकांमागे एक. आणि त्यावर साधारण ३० खाटांचं सामुदायिक आरोग्य केंद्र, १ लाख २० हजार किंवा ८० हजार लोकांसाठी. आपल्याकडे त्याला ग्रामीण रुग्णालय म्हणतात. सर्जन, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ हे चार स्पेशालिस्ट इथे असणं अपेक्षित आहे. हे चार डॉक्टर लक्षात ठेवा, पुढे त्यांच्याकडे परत येणार आहोत.

आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात उपकेंद्रं आणि पीएचसी जिल्हा परिषदेकडे, तर ग्रामीण रुग्णालयं राज्याच्या आरोग्य विभागाकडे. पेशंटच्या दृष्टीने ही एकच वाट आहे, कारभार मात्र दोन घरचा.

काय काय बदललं?

गेल्या काही वर्षांत या व्यवस्थेत बदलांची रांगच लागली. २०१८ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात देशभरात दीड लाख 'हेल्थ अँड वेलनेस सेंटर' उभारायची घोषणा झाली. पहिलं केंद्र १४ एप्रिल २०१८ ला छत्तीसगडमधल्या विजापूर जिल्ह्यात जांगला इथे सुरू झालं. जुनी उपकेंद्रं आणि पीएचसी याच योजनेत नव्या रूपात आली. सरकारी आकड्यांनुसार दीड लाखांचा टप्पा डिसेंबर २०२२ अखेर पार झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये नाव पुन्हा बदललं, 'आयुष्मान आरोग्य मंदिर'. तुमच्या गावच्या उपकेंद्रावर नवी पाटी दिसली असेल, तर ती याच निर्णयाची.

पाटीपेक्षा मोठा बदल आत झाला. पूर्वी उपकेंद्र म्हटलं की गरोदर माता, लसीकरण आणि कुटुंबनियोजन. नव्या रचनेत सेवांचे १२ गट आले. बीपी, डायबिटीस, तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर, मानसिक आरोग्य, डोळे, कान, दात, म्हाताऱ्या माणसांची काळजी, सगळंच. २०२२ मध्ये सार्वजनिक आरोग्य संस्थांचे राष्ट्रीय निकष, म्हणजे 'आयपीएचएस', सुधारले गेले. १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं; ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी हे त्याचं उद्दिष्ट. त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून महाराष्ट्राने सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत आणि रुग्णालयांत उपचार मोफत केले.

यातला एकही निर्णय वाईट नाही. उलट हे आधीच व्हायला हवं होतं, असं मला वाटतं. पण ही यादी आता उलट्या बाजूने वाचून बघा. प्रत्येक नव्या ओळीमागे कुणीतरी एक नवं काम शिकायचंय. आणि ते 'कुणीतरी' बहुतेक वेळा एकच असतं. तुमच्या-माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असलेली एखादी ताई किंवा दादा.

सहा महिन्यांचा कोर्स, पुढे काय?

सीएचओ हे पदच मुळात या योजनेतून आलं. बीएससी नर्सिंग किंवा आयुर्वेदाची पदवी घेतलेल्यांना सामुदायिक आरोग्याचा सहा महिन्यांचा सर्टिफिकेट कोर्स करावा लागतो. महाराष्ट्रात त्यासाठी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची यंत्रणा आहे. राज्यातल्या भरतीच्या जाहिरातींमध्ये महिना २५ हजार रुपये मानधन आणि कामगिरीनुसार १५ हजारांपर्यंत मोबदला, असं गणित दिसायचं. नोकरी कंत्राटी.

त्यापुढचं शिक्षण म्हणजे ही १२ गटांची यादी. प्रत्येक विषयाची मार्गदर्शक पुस्तिका आहे, स्लाइड्स आहेत, व्हिडिओ आहेत. राष्ट्रीय पातळीवरच्या संस्थांनी हे साहित्य खरंच मन लावून बनवलंय. मी काही पुस्तिका वाचल्या. भाषा सोपी, चित्रं स्पष्ट. शंका आली तर 'ई-संजीवनी'वरून वरच्या डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल करता येतो. म्हणजे साहित्याचा दुष्काळ आहे, असं अजिबात नाही.

मग ताई का थांबली? तपासणी काय असते ते बघू. तिला 'व्हीआयए' म्हणतात. गर्भाशयाच्या मुखाला ३ ते ५ टक्के तीव्रतेचं ॲसेटिक ॲसिड, म्हणजे सौम्य केलेलं व्हिनेगरसारखं द्रावण, लावायचं. एक मिनिट थांबायचं. पांढरा डाग उमटतो का, ते उजेडात नीट बघायचं. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ३० ते ६५ वयाच्या बायकांची ही तपासणी पाच वर्षांतून एकदा व्हायला हवी. जागतिक आरोग्य संघटना आता एचपीव्हीच्या डीएनए चाचणीला पहिली पसंती देते, पण ती महाग आहे. व्हीआयएला ना लॅब लागते, ना वीज.

लागते ती तयार नजर. सगळेच पांढरे डाग कॅन्सरपूर्व नसतात. काही साध्या सुजेचे असतात, काही नैसर्गिक. कुठला डाग पुढे पाठवायचा आणि कुठल्या बाईला 'काळजी करू नका' म्हणायचं, हे फोटो बघून निम्मं कळतं. उरलेलं निम्मं कळायला पाच-पंचवीस बायका तपासाव्या लागतात आणि शेजारी कुणीतरी 'हा नाही, हा बघ' असं सांगणारं लागतं. स्कूटी शिकताना यूट्यूबवर कितीही व्हिडिओ बघितले, तरी पहिल्या दिवशी मागे बाबा लागलेच होते ना? तसंच. फरक इतकाच की इथे तोल गेला तर खरचटत नाही, निदान चुकतं.

आणि निदान चुकणं किंवा न होणं किती महागात पडतं? ग्लोबोकॅनच्या २०२० च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे सुमारे सव्वा लाख नवे रुग्ण आणि सुमारे ७७ हजार मृत्यू. आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१), ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी ही तपासणी कधीतरी झालेल्या किती निघाल्या? १.९ टक्के. शंभरात दोनसुद्धा नाहीत. तुमच्या-माझ्या आया नेमक्या याच वयोगटाच्या आसपास आहेत.

हे जमतं, आपल्याच राज्यात जमलंय

'खेड्यात काम करणाऱ्या साध्या कर्मचाऱ्यांना हे कुठे जमणार?' असं कुणी म्हणालं, तर त्याला दोन गोष्टी सांगा.

पहिली मुंबईची. टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये सुमारे दीड लाख बायकांचा अभ्यास केला. निम्म्या गटात दर दोन वर्षांनी व्हीआयए तपासणी झाली. ती करणाऱ्या डॉक्टर नव्हत्या. दहावीपर्यंत शिकलेल्या महिला आरोग्य कर्मचारी होत्या. त्यांचं प्रशिक्षण किती दिवसांचं? चार आठवड्यांचं. बारा वर्षांनी हिशोब मांडला तेव्हा तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते.

दुसरी गडचिरोलीची. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांमध्ये नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला. काम करणाऱ्या होत्या गावातल्याच, जेमतेम शिकलेल्या बायका. बाळाचा श्वास मोजणं, वजन करणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं आणि गरज पडली तर इंजेक्शन देणं, हे सगळं त्यांना शिकवलं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा जास्त श्वास घेत असेल तर धोका. पण ज्या सुईणींना मोजताच येत नाही, त्यांनी काय करायचं? त्यांच्यासाठी बंग दांपत्याने वाळूचं एक मिनिटाचं घड्याळ आणि सरकवायचे मणी असं साधं उपकरण आधीच तयार केलं होतं. ३९ गावांच्या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता.

या प्रयोगाचं कौतुक आपण ऐकलेलं असतं. मात्र एक तपशील सहसा सुटतो. गावात दर पंधरवड्याला डॉक्टर येऊन कामाची पडताळणी करायचे, चुकलं तिथे दुरुस्त करायचे. त्याहीआधी, १९७० मध्ये, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी हेच सूत्र धरलं होतं. गावातल्या बायकांना एकदा शिकवून सोडलं नाही. त्या नियमितपणे जामखेडला येत राहिल्या, गावातल्या केसेस सांगत राहिल्या, नवं शिकत राहिल्या.

म्हणजे तिन्ही ठिकाणी शिकवलेली माणसं वेगळी, आजार वेगळे, काळ वेगळा. समान गोष्ट एकच. शिकणं एका दिवसात संपलं नाही आणि शिकवणारा शिकवून निघून गेला नाही.

गंमत म्हणजे सरकारला हे माहीत नाही असं नाही. आशाताईंचं नवजात बाळाच्या काळजीचं प्रशिक्षण आखताना गडचिरोलीचाच धडा घेतला गेला. ते २० दिवसांचं आहे आणि एका दमात नाही, पाच-पाच दिवसांच्या चार टप्प्यांत आहे. मध्ये गावात जायचं, करून बघायचं, अडचणी घेऊन परत यायचं. संस्थेत बाळंतपण झालं तर त्यानंतर आशाताई सहा वेळा घरी येते, तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. तुमच्या घरी लहान बाळ असेल तर आठवून बघा.

मग गाडी कुठे अडते?

इथे त्या चार डॉक्टरांकडे परत येऊ. उपकेंद्रातल्या ताईला व्हीआयए शिकवायला सगळ्यात जवळची गुरू कोण? ग्रामीण रुग्णालयातली स्त्रीरोगतज्ज्ञ. पण ती आहे का? केंद्र सरकारच्याच ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार मार्च २०२२ मध्ये देशातल्या ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांमध्ये गरजेच्या तुलनेत ७९.५ टक्के स्पेशालिस्ट कमी होते. स्त्रीरोगतज्ज्ञांची कमतरता ७४.२ टक्के.

हा आकडा बातमीत येतो तेव्हा आपण म्हणतो, 'अरेरे, पेशंटचे हाल.' खरंच आहे. पण त्या रिकाम्या खुर्चीचं दुसरं नुकसान कुणी मोजत नाही. ती खुर्ची शिक्षकाचीही होती. तिथे डॉक्टर नाही म्हणजे खालच्या वीस-पंचवीस उपकेंद्रांतल्या मुलामुलींना हात धरून शिकवणारं माणूसही नाही. मग ती जागा व्हिडिओ भरून काढतो. आणि ताईने पुढे पाठवलेली बाई तालुक्याला पोहोचली तरी तिथे तिला कोण भेटणार, हा प्रश्न उरतोच.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. सीएचओला चार आठवडे ट्रेनिंगला बोलावलं तर तेवढे दिवस उपकेंद्र कोण सांभाळणार? गोळ्या घ्यायला आलेल्या आजीला काय सांगायचं? शिवाय कोविडच्या काळात ऑनलाइन प्रशिक्षण नसतं, तर बदलत्या सूचना गावागावांत इतक्या झपाट्याने पोहोचल्याच नसत्या. नवं औषध आलं, नियम बदलला, फॉर्म बदलला, तर मोबाइलसारखं साधन नाही. माझा आक्षेप मोबाइलला नाही. जे डोक्याने शिकायचं ते मोबाइलवर जरूर शिकवा. जे हाताने आणि नजरेने शिकायचं, तेही मोबाइलवर 'उरकलं' असं धरून चालू नका, एवढंच म्हणणं आहे.

ताईने एक फार नेमकी गोष्ट सांगितली. 'रिपोर्टमध्ये विचारतात, प्रशिक्षण पूर्ण झालं का? हो किंवा नाही. मी "हो" भरते, खोटं नसतं ते. पण "तुला येतं का?" असा रकानाच नाही.'

माझ्या मते सगळी मेख या नसलेल्या रकान्यात आहे. आपण कॉलेजात जे करतो तेच इथे चाललंय. जर्नल पूर्ण, हजेरी पूर्ण, सही पूर्ण, आणि प्रॅक्टिकल मात्र मागच्या बाकावरून बघितलेलं. आपल्या जर्नलमुळे कुणाचा जीव जात नाही, म्हणून ते खपून जातं.

काय करता येईल?

उपाय फार अवघड नाहीत. कर्मचाऱ्यांना एकदम चार आठवडे न बोलावता आशाताईंसारखं टप्प्याटप्प्याने बोलावता येईल. महिन्यातले दोन ठरलेले दिवस जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात, खऱ्या पेशंटबरोबर. त्याच दिवशी आसपासच्या गावांतल्या बायकांनाही तपासणीला बोलावलं, तर शिकणंही होईल आणि तपासणीही. जिथे स्पेशालिस्ट नाही, तिथे मेडिकल कॉलेजच्या विभागाने ठरावीक तालुके वाटून घ्यावेत. आणि अहवालात तो एक रकाना वाढवावा. देखरेखीखाली किती तपासण्या केल्या? संख्या लिहा.

आता तुमच्याकडे येते. 'आम्ही काय करणार?' म्हणू नका. प्रत्येक आयुष्मान आरोग्य मंदिराला 'जन आरोग्य समिती' असते. उपकेंद्र पातळीवर तिचे अध्यक्ष सरपंच असतात आणि सीएचओ सदस्य सचिव. केंद्राच्या कामाचा आढावा घेणं, अबंधित निधी कशावर खर्च होतो ते बघणं, हे तिचं काम. गावी गेलात की सरपंचांना सहज विचारा, समितीची शेवटची बैठक कधी झाली? आपल्या उपकेंद्रात बीपी-शुगरबरोबर कॅन्सरची तपासणी होते का? होत नसेल तर अडलंय कशामुळे, द्रावण नाही, टेबल नाही, पडदा नाही की प्रशिक्षण नाही? यातल्या पहिल्या तिघांची सोय गावातच लागू शकते. चौथ्यासाठी समितीने ठराव करून वर पाठवला, तर तो एकट्या कंत्राटी कर्मचाऱ्याच्या विनंतीपेक्षा नक्कीच जड असतो.

विचारताना एक पथ्य पाळा. मोबाइलचा कॅमेरा चालू करून उपकेंद्रात शिरू नका. तिथली ताई आरोपी नाही. बहुतेक वेळा तीही हेच मागत असते, फक्त तिचं कुणी ऐकलेलं नसतं.

नर्सिंगला, बीएएमएसला, एमबीबीएसला असाल तर हा विषय आणखी जवळचा. उद्या त्या खुर्चीत तुम्हीच असाल, नोकरी म्हणून नाहीतर बाँड म्हणून. इंटर्नशिपमध्ये 'सही मिळाली, झालं' म्हणण्याआधी एक पेशंट जास्त तपासा. आणि बाकीच्या सगळ्यांसाठी अगदी सोपं काम. आज घरी गेल्यावर आईला विचारा, तुझी ही तपासणी कधी झालीय का? मी विचारलं. आई आधी लाजली, मग म्हणाली, 'मला काही त्रास नाही गं.' त्रास सुरू व्हायच्या आधीच करायची असते ती तपासणी, हे तिला समजावायला मला दोन दिवस लागले.

हा लेख लिहून झाल्यावर ताईला फोन केला. तिने जिल्हा रुग्णालयात चार दिवस शिकायला पाठवा, असा अर्ज दिलाय. अजून उत्तर आलेलं नाही. मधल्या काळात आशाताईंना बरोबर घेऊन तिने गावातल्या तिशीच्या पुढच्या सगळ्या बायकांची यादी मात्र करून ठेवलीय. त्या यादीत तालुक्याला पाठवलेल्या बाईचं नाव सगळ्यात वर आहे.